रेघेपुढची मोकळी जागा

४ मे, सोमवार

वाहिनीचं ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. जिन्यात रबराचा वास, वर गेलं की एसीचा. जिन्याशी मी जरा जास्तच रेंगाळले, कारण खाली एक माणूस ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता आणि बुडबुडे नक्की कुठून येतात ते मला बघायचं होतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी उशीर.

बातम्यांच्या प्रमुख बाईंना सगळे नुसतं मॅडम म्हणतात. त्यांनी विचारलं, "शिक्षण?"

म्हटलं, "दोन कॉलेजं सुरू केली होती."

"मग?"

"ती अजून सुरू आहेत. मी नाही."

त्या हसल्या नाहीत. शेजारचा कॅमेरामन हसला. उन्हाळ्यात इंटर्नशिपला येणाऱ्या सगळ्यांना इथे 'उन्हाळी' म्हणतात, नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. कॅमेरामनचं नावही मला कळलं नाही. एक खांदा खाली झुकलेला आहे, म्हणून त्याला 'खांदा' म्हणतात. मी खांदादादा म्हणायचं ठरवलं.

घरी आल्यावर ताईने विचारलं, कसं वाटलं. म्हटलं, ठीक. ती म्हणाली, तुला विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं आहे. जिजू म्हणाले, भिंतीला निदान ओल तरी येते. ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून गेले. मला त्यात लागण्यासारखं काही वाटलं नाही.

५ मे

काल एक गोष्ट लिहायची राहिली. हे कुणी वाचणार नाही, तरी लिहून ठेवते. बाबा जानेवारीत गेले. मी घरीच होते. चहा टाकला होता, तो उतू जायच्या आत गॅस बंद केला, मग डॉक्टरांना फोन केला, मग ताईला. सगळं नीट केलं. मावशी म्हणाली, पोरगी खंबीर आहे. आत्या म्हणाली, दगड आहे. मला दोन्ही चाललं. पाहुणे गेल्यावर सॅक उचलली आणि फिरत राहिले, जी बस समोर येईल तीत बसून. एप्रिलमध्ये ताईने शोधून काढलं, घरी आणलं आणि जिजूंच्या मित्राला सांगून इथे चिकटवलं.

आज दिवसभर फोन उचलले. एका बाईची तक्रार होती की हवामान सांगणारी मुलगी उभी राहते तिथे तिचं गाव झाकलं जातं.

८ मे, शुक्रवार

आज 'फ्रीज' कळला.

एडिटिंगवाल्याला उंट म्हणतात. दिवसभर पाणी पीत नाही, पाण्यासाठी मशीनवरून उठावं लागतं म्हणून. त्याने मला एक फोल्डर दाखवला. आत शहरातल्या मोठ्या माणसांच्या फिती, एकेक दीड-दोन मिनिटांची. जुने डॉक्टर, माजी महापौर, एक गायिका. मी म्हटलं, ही तर परवा उद्घाटनाला होती.

उंट म्हणाला, "असू दे की. गेल्यावर धावपळ कोण करणार? आधीच शिजवून ठेवायचं. फोन आला की गरम करायचं आणि वाढायचं."

सगळ्या फिती एकाच साच्यातल्या आहेत. हळू बासरी, शेवटच्या चित्राचा रंग उडत जातो आणि ते काळंपांढरं होतं. त्या माणसांना अर्थातच हे सांगत नाहीत. 'आपल्यातली माणसं' नावाच्या कार्यक्रमासाठी मुलाखत हवी आहे, असं सांगतात. असा कार्यक्रम नाही.

मी विचारलं, "आणि त्यांनी विचारलं, कधी दाखवणार?"

"लवकरच, म्हणायचं," उंट म्हणाला. "खोटं थोडंच आहे?"

१२ मे, मंगळवार

आज पहिलं शूट. पोहायला शिकवणारे सर. अर्धं शहर त्यांच्या हाताखाली पाण्यात उतरलंय, खांदादादासुद्धा. हिवाळ्यात दोनदा हॉस्पिटलात होते, हृदयाचं आहे. म्हणून मॅडमनी पाठवलं. "हसतमुख बाईट घे, रडगाणं नको," म्हणाल्या.

तलावाच्या काठावर बाकावर बसवलं. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली, पण आवाज असा की पलीकडच्या टोकाची मुलं दचकून सरळ पोहायला लागली. खांदादादाला म्हणाले, "गुडघे वाकव. तेव्हाही वाकवत नव्हतास." त्याने वाकवले.

मी विचारलं, तब्येत कशी आहे. म्हणाले, "डॉक्टर म्हणतात जिने चढायचे नाहीत. पाण्यात जिने नसतात."

मग मी विचारायच्या आधीच मुलीबद्दल बोलायला लागले. एकुलती एक मुलगी, आई लवकर गेलेली. ह्याच तलावात वाढली. मोठ्या स्पर्धेत चौथी आली. परतीच्या बसमध्ये सर तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, तर तिच्या लेनमध्ये त्यांनी दुसऱ्या मुलीला उतरवलं होतं. ती पोहण्याच्या पोशाखातच उभी होती, टॉवेल खांद्यावर. परत गेली. पुन्हा तलावावर आली नाही, पुढे घरातूनही गेली. आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. शेजारच्या काकूंना फोन करून ह्यांची चौकशी करते, ह्यांना करत नाही.

"तिला पाणी फार आवडायचं," सर म्हणाले. "मी ते तिच्याकडून काढून घेतलं. हे तिला सांगायचं राहिलंय. एवढंच."

बोलताना ते थेट लेन्सकडे बघत होते. बाईट देणाऱ्याने विचारणाऱ्याकडे बघायचं असतं. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "तुझ्याशी थोडाच बोलतोय मी?"

निघताना म्हणाले, "तुमची वाहिनी मोबाईलवर दिसते ना? बाहेरगावीसुद्धा?"

म्हटलं, दिसते.

"मग बरं. कधी दाखवणार?"

मी म्हटलं, लवकरच.

परत निघालो. सिग्नलला एक माणूस सायकलवर अख्खी गादी घेऊन चालला होता आणि गादी वाऱ्याने उलटीकडे ओढत होती. वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत मी मागे बघत राहिले.

१३ मे

उंटाने मला स्वतः कापायला दिलं. ते वाक्य कुठून कुठपर्यंत ठेवायचं ह्यासाठी पुन्हा पुन्हा ऐकलं. 'एवढंच' ठेवलं. 'एवढंच'नंतर सर ओठ मिटतात आणि मागून कुणीतरी पाण्यात उडी मारतं, तेही ठेवलं. उंट म्हणाला, हात बरा आहे. मग बासरी लावली, रंग काढला आणि फ्रीजमध्ये टाकलं.

ऐकताना काही वाटलं नाही. फक्त डबा खायचा राहिला. घरी आल्यावर ताईने तो उघडून बघितला आणि तसाच बंद केला.

१९ मे

सरांचा फोन आला. मधे एकदा येऊन गेला होता, तेव्हा मी जागेवर नव्हते.

"उन्हाळी आहे का?" (खांदादादाकडून हे नाव त्यांनी उचललंय.) "अगं, कालही सगळ्या बातम्या बघितल्या. पावसाचा अंदाज पाठ झाला माझा. आपलं कधी?"

"ठरलं की सांगते, सर."

"शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय. त्या तिला कळवतील, टीव्ही बघ म्हणून. फक्त दिवस आधी सांग."

"हो, सर."

फोन ठेवल्यावर मी पाणी भरायला गेले आणि तिथून खिडकीत. एसीच्या डब्यावर कबुतराने घरटं केलंय, निम्म्या तारा, निम्म्या काड्या. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मॅडम म्हणाल्या, उन्हाळी, खिडकी आपली नाही, भाड्याची आहे.

२२ मे, शुक्रवार

आज मॅडमना विचारलं. सरांचं आत्ताच लावलं तर?

"बातमी काय?"

"बातमी नाही. त्यांच्या मुलीने बघावं असं त्यांना वाटतं."

"मग मुलीला फोन करू देत. आपण टपाल खातं नाही."

"ते रोज वाट बघतात, मॅडम."

त्या स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या, "फ्रीजमधे वरून तिसरे हेडमास्तर आहेत ना, ते माझे वडील. ती फाइल मी केली आहे. तेही दर रविवारी विचारतात, कधी दाखवणार." मग म्हणाल्या, "जिवंत माणूस ही बातमी होत नाही ग. जा, स्क्रोल तपास."

मी पडद्याखालून सरकणारा स्क्रोल तपासला. भाजीच्या दराची ओळ दोनदा जात होती.

संध्याकाळी उंट चहाला गेला होता आणि मशीन मोकळं होतं. मी सरांची फाइल उघडली. बासरी काढली, तलावाचाच आवाज परत ठेवला. शेवटच्या चित्रात रंग आणला. का केलं माहीत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. झाल्यावर त्याच जागी ठेवून दिली आणि घरी गेले.

२७ मे, बुधवार

क्रमाने लिहिते, नाहीतर मधलंच काहीतरी लिहीत बसेन.

दुपारच्या बातम्या. महापौरांची पत्रकार परिषद थेट दाखवायची होती. महापौर दिसले, आवाज नाही. मग आवाज आला आणि महापौर गेले. मग दोन्ही गेलं. मॅडम कंट्रोल रूममधून म्हणाल्या, "दीड मिनिट भरायचंय. कुणाकडे काय आहे?"

कुणाकडे काही नव्हतं. अँकर बाई कागद सरळ करत होत्या, दुसऱ्यांदा.

मी म्हटलं, "सरांचं आहे. मी ते साधं करून ठेवलंय. बासरी नाही, काही नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग म्हणाल्या, "लावा."

लागलं. सर छान दिसत होते. पाणी निळं, मुलं, 'गुडघे वाकव'. मी भिंतीला टेकून बघत होते. आणि खाली नावाची पट्टी आली.

ती पट्टी फाइलमध्ये नसते. ती कंट्रोल रूमचं मशीन लावतं, आणि फ्रीजमधली फाइल म्हटली की फ्रीजचीच पट्टी. उंटाने हे मला कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. सरांचं नाव, खाली जन्मसाल, मग एक रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा. बाजूला छोटासा दिवा.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. नीट दिसत होतं. फोन वाजायला लागले तेव्हा कळलं.

ऑफिसमधला एकही फोन शांत राहिला नाही. लोक रडत होते. एक रिक्षावाला म्हणाला, मला बुडताना त्यांनी काढलं होतं, कुठे यायचं सांगा. मी सगळ्यांना सांगत होते, सर बरे आहेत, आमची चूक झाली. बातम्या संपता संपता अँकर बाईंनी "सर सुखरूप आहेत, दिलगिरी" असं वाचलं, हवामानाकडे वळताना हसतात तेच हसू घेऊन.

मग सरांचाच फोन.

"अगं उन्हाळी, मी गेलो म्हणे."

"सॉरी, सर."

"कधी गेलो ते तरी सांग. सकाळी गेलो असेन तर दुपारी उगाच जेवलो."

पलीकडून दाराची बेल, लोकांचे आवाज येत होते.

"तो कार्यक्रम नव्हताच ना?" ते म्हणाले.

"नाही, सर."

"हं. मला वाटलंच होतं. फक्त म्हाताऱ्यांनाच बोलावता तुम्ही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते वाक्य ठेवलंस. बरं केलंस. तिने बघितलं असेल?"

म्हटलं, माहीत नाही.

"सगळ्यांचे फोन आले. तलावावरून हाकलून दिलेल्या पोराचाही आला. तिचा नाही आला."

मॅडमनी मला आत बोलावलं. वाटलं, आता काढतील. म्हणाल्या, "तुला काढता येत नाही, तू कामावरच नाहीस. उद्या खांद्याबरोबर जा, सर बोलतायत, चालतायत, असं सगळं शूट करून आण, माफी माग. मग शुक्रवारपासून येऊ नकोस."

म्हटलं, बरं.

२८ मे, गुरुवार

सरांच्या घरापुढे चपलाच चपला. लोक फुलं घेऊन आले होते आणि आता ती परत न्यावीत की द्यावीत हे त्यांना कळत नव्हतं. सरांनी बादली भरून पायरीवर ठेवली होती. "टाका ह्यात. वाया कशाला घालवायची," म्हणत होते. मांडीवर फोन. वाजला की उचलायचे, ऐकायचे, "हो, हो, आहे मी," म्हणायचे आणि ठेवायचे. प्रत्येक वेळी उचलताना हात घाई करायचा, ठेवताना नाही.

मी माफी मागितली. ते म्हणाले, "बस. पाणी पी. माझ्यापेक्षा तुझाच चेहरा गेलेल्या माणसासारखा दिसतोय."

खांदादादाने कॅमेरा लावला. सर अंगणात चालून दाखवायला उठले. लोक पांगले होते, काकू तेवढ्या कुंपणाशी होत्या. तेवढ्यात फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. केस आखूड, पाठीवर ऑफिसची बॅग, आणखी काही सामान नाही. काकू तिला बघून आत निघून गेल्या, म्हणून ही सरांची मुलगी हे मला कळलं.

सरही थांबले.

"शर्ट उलटा घातलाय," ती म्हणाली.

सरांनी खाली बघितलं. "घाईत घातला. हे लोक आले म्हणून."

"जिवंत आहात."

"आहे. तुला कुणी कळवलं नाही?"

"काकूंना फोन केला होता मी. त्या म्हणाल्या, दारात उभे राहून लोकांवर ओरडतायत."

"मग?"

"तोपर्यंत रात्रीच्या बसमध्ये बसले होते. म्हटलं, आता मधेच कुठे उतरायचं."

ती फाटकाच्या आत आली, पण पुढे नाही. सर म्हणाले, "टीव्हीवर बघितलंस?"

"नाही. मैत्रिणीचा फोन आला, तुझे बाबा टीव्हीवर, म्हणाली. पुढचं मी ऐकलं नाही. काय होतं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. फाइल माझ्या मोबाईलवर होती. मी पुढे केला. त्यांनी हात आडवा धरून मला थांबवलं. मग तिच्याकडे वळले.

"तुला पाणी आवडायचं," ते म्हणाले.

"अजून आवडतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय. पोहते."

"पोहतेस?"

"रोज सकाळी. ऑफिसच्या आधी."

सर तिच्या केसांकडे बघत राहिले. आखूड, टोकांना रंग उडालेले. तलावाच्या पाण्याने उडतो तसा, हे मलाही दिसलं.

"थंडीतपण?"

"थंडीतपण."

"एकटी?"

"हो. शिकवणारं कुणी असलं की नको वाटतं."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

आणि पायरीवर बसले, बादलीच्या शेजारी. ती आली, तिने बादली उचलून खाली ठेवली आणि त्या जागी बसली. बॅग मांडीवर. दोघंही समोर बघत होते, कपडे वाळत घालायच्या दोरीकडे. बऱ्याच वेळाने सरांनी विचारलं, श्वास कुठल्या बाजूला घेतेस. ती म्हणाली, दोन्ही. सर म्हणाले, तेव्हा फक्त उजवीकडून घ्यायचीस. ती म्हणाली, तेव्हा तुम्ही डावीकडे उभे असायचात.

सर हसले. म्हणजे हसण्यासारखा आवाज आला आणि मग तो थांबेना आणि तो हसण्याचा राहिला नाही. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, काही नाही. नुसती बसून राहिली.

ऑफिसमध्ये मॅडमनी फीत लावली. "मुलगी आली म्हणे? दाखव." स्क्रीनवर निळा कुर्ता, त्याच्यावर सॅकचा पट्टा. पुढे ओढलं, तरी तेच. "ही कुणाची पाठ आहे?"

"माझी," मी म्हटलं.

खरंच मुद्दाम केलं नव्हतं. मला नीट बघायचं होतं म्हणून पुढे गेले, कॅमेरा मागे आहे हे लक्षातच नव्हतं. खांदादादा म्हणाला, "मी दोनदा बाजूला हो म्हणालो." म्हणाला असेल. मला ऐकू आलं नाही.

मॅडमनी फीत तिथेच थांबवली आणि थोडा वेळ माझ्या पाठीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, चालणारा शॉट तेवढा लावा. मी बाहेर पडले तेव्हा त्या फोनवर होत्या. "नाही, बाबा, काम काही नाही," असं म्हणत होत्या. "सहजच केला."

२९ मे, शुक्रवार

आजपासून जायचं नाही. सकाळी सवयीने आवरलं आणि मग बसून राहिले.

ताईने सुट्टी घेतली होती, कारण विचारलं नाही मी. ती भेंडी चिरत होती. तिने विचारलं, काल काय झालं नक्की, जिजूंना त्यांच्या मित्राने काहीतरी वेगळंच सांगितलंय. मी सांगायला लागले. ट्यूबवाल्यापासून सुरुवात केली, तर ती म्हणाली, मुद्द्यावर ये. फ्रीज सांगितला, पट्टी सांगितली, दुपारचं जेवण उगाच केलं ते सांगितलं. ती हसली. फाटक सांगितलं, उलटा शर्ट सांगितला. सगळं नीट सांगत होते. मग 'रोज सकाळी, ऑफिसच्या आधी' हे सांगायचं होतं. 'रोज सकाळी' म्हटलं आणि पुढचं आलंच नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघितलं. पुन्हा तिथेच.

ताईने सुरी खाली ठेवली.

मी म्हटलं, उकाडा फार आहे.

ती म्हणाली, हो ग, फार आहे. आणि पंखा वाढवायला उठली नाही, माझ्याजवळ बसून राहिली.